वाकळ: मित्राला काय हवंय, ते आधी विचारा

एरवी मी इथं जॉब, कोडिंग, गावाकडची भटकंती असलं काहीतरी बोलत असतो. आज सुई-दोऱ्याबद्दल बोलणार आहे. हसू नका, कारण आहे.

माझा एक मित्र आहे. नाव सांगत नाही. आम्ही एकमेकांना 'भावा'च म्हणतो, तर आजही तो 'भावा'. मी सातारा जिल्ह्यातला, तो सांगलीचा. बीटेकची चार वर्षं सांगलीत एकाच रूमवर काढली. गेल्या वर्षी गणपतीनंतर त्याचा ताप उतरेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तपासण्या झाल्या आणि निघाला ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर. वय २८.

ट्रीटमेंट मिरजेत सुरू झाली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि आजही कर्नाटकातून पेशंट तिथं येतात. मी मात्र पुण्यात, लॅपटॉपसमोर. काहीतरी करायचं होतं, काय ते कळत नव्हतं. मग आमच्यासारखे लोक जे करतात तेच केलं. व्हिडिओ बनवला. कॉलेजचे फोटो, मागं बासरी, सगळ्या मित्रांचे मेसेज. दोन रात्री जागून एडिट केला आणि पाठवला.

दोन तासांनी त्याचा रिप्लाय आला, "भावा, फोटोला हार घालायचा राहिला की."

मला घाम फुटला. व्हिडिओ परत बघितला. प्रत्येक जण 'तू किती भारी होतास', 'तू असायचास तेव्हा काय मजा यायची' असं बोलत होता. सगळं भूतकाळात. पोरगा मिरजेत केमो घेतोय आणि आम्ही त्याला फोटोत बसवून मोकळे! त्याच्यासाठी म्हणून केलेलं ते सगळं आमचंच रडगाणं होतं. ऑफिसात क्लायंटला न विचारता फीचर बनवलं तर शिव्या बसतात. इथं मी तेच केलं होतं.

मग फोन केला आणि सरळ विचारलं, "तुला काय पाहिजे?"

थोडं थांबून म्हणाला, "लय थंडी वाजते रे. एसी, त्यात हे सलाईन. घरातली वाकळ आठवते."

पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो, वाकळ म्हणजे गोधडी. जुनी सुती लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची, वर चिंध्यांचे तुकडे लावायचे आणि धावदोरा घालत जायचं. आमच्याकडं प्रत्येक घरात एक तरी असतेच. माझी आत्या गावी अजून शिवते. शनिवारी गावी गेलो आणि म्हटलं, "आत्या, मला शिकव." ती आधी हसली. कोणासाठी ते सांगितल्यावर हसायची थांबली. म्हणाली, "जुनी कापडं आण. नवं कापड टोचतं."

त्याआधी वॉर्डातल्या सिस्टरना फोन करून विचारलं. केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी होतात, साधं इन्फेक्शनसुद्धा भारी पडतं. त्या म्हणाल्या, गरम पाण्यात धुता येईल असंच आणा, कापूस भरू नका, लोकर नको, बटणं-चेन काहीही नको, त्वचेला लागतं. आणि डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच द्या. म्हणून वाकळ पातळ ठरली, आत आत्याच्या दोन मऊ सुती साड्या.

वरचे तुकडे कुठले? तेव्हा त्याला प्लेटलेट लागत होत्या. प्लेटलेट साधारण ५ दिवसच टिकतात, म्हणून डोनर सारखे लागतात. मशीन रक्तातल्या प्लेटलेट काढून घेतं, बाकीचं रक्त परत देतं, दीड-दोन तास लागतात. आमच्या बॅचची पोरं कराड, पेठ नाका, आष्टा करत साताऱ्याहून मिरजेला जायची. मी ग्रुपवर टाकलं, जो जाईल त्याने एक जुना शर्ट द्यायचा. अकरा शर्ट जमले. फेस्टचे टी-शर्ट होते, एकाने तर लॅबचा ॲप्रन दिला. टी-शर्टचं कापड ताणलं जातं, म्हणून आत्याने त्याला मागून सुती अस्तर लावून मग कापायला लावलं.

याच दरम्यान मला सादाको सासाकीची गोष्ट आठवली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, पुढे ल्युकेमिया झाला. हॉस्पिटलात ती कागदाचे क्रौंच पक्षी घडवत बसायची, औषधांच्या वेष्टनांचेसुद्धा. १९५५ मध्ये ती गेली, वय १२. मला एवढंच माहीत होतं की आजारी मुलीने पक्षी केले. पण ते ती स्वतः करत होती, हे आता डोक्यात शिरलं. आजारी माणसाला सगळे नुसतं देत असतात. त्याच्या हातात काही उरतच नाही.

म्हणून भावालाही कामाला लावला. सुई देता येत नव्हती, प्लेटलेट कमी असताना टोचलं तर रक्त थांबत नाही. मग मी तुकड्यांचे फोटो पाठवायचो आणि कुठला कुठं लावायचा ते तो ठरवायचा. "ॲप्रन पायाकडं टाक, त्या लॅबमध्ये लय झोपलोय." "याचा शर्ट मधे नको, डोक्यावर बसंल." उलट्या होत असलेल्या दिवशी मेसेज यायचा नाही. दुसऱ्या दिवशी तीन यायचे.

आत्याची एक पद्धत आहे. वाकळ उपाशी ठेवायची नाही, म्हणून शेवटी आत भाकरीचा तुकडा शिवायचा. मी म्हटलं, "आत्या, अन्न चालणार नाही, जंतू होतात." ती गप्प बसली. मग तिने आपल्या पिवळ्या साडीचा एक गोल तुकडा कापला, बरोबर भाकरीएवढा नाही पण चतकोराएवढा, आणि मधोमध शिवला. "आता पोट भरलं," म्हणाली.

सात शनिवार-रविवार लागले. माझे टाके वाकडे आहेत, आत्याचे सरळ. दोन्ही ओळखू येतात. उकळत्या पाण्यात धुतली, उन्हात कडक वाळवली, नव्या पिशवीत बांधून नेली. काऊंट वाढेपर्यंत आठ दिवस ती पिशवी त्याच्या आईकडंच राहिली. मग डॉक्टर हो म्हणाले.

भावा बरा झालाय असं मी सांगू शकत नाही. ट्रीटमेंट चालू आहे. पुढचं डॉक्टरही आत्ताच बोलत नाहीत. परवा त्याचा मेसेज आला, "वाकळ धुवायला गेलीय, दोन दिवस झाले. दुसरी शिव की लागा." मी आत्याला दाखवला. तिने पेटी उघडून साड्या काढायला सुरुवात केली.

तर मंडळी, तुमचं कोणी आजारी असेल तर काही बनवायच्या आधी त्यालाच विचारा. वॉर्डात चालेल का ते सिस्टरना विचारा. त्याच्यासाठी थोडं काम शिल्लक ठेवा. आणि त्याच्याबद्दल बोलताना 'होतास' नको, 'आहेस' म्हणा.

आजच्यापुरतं एवढंच. जमलं तर या आठवड्यात जवळच्या ब्लड बँकेत जाऊन या. भेटू पुढच्या भागात!