हाजराची आठ वर्षे

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेले भाषण)





बक्षीस समारंभातला वक्ता म्हणजे मुलांच्या आणि त्यांच्या बक्षिसांच्या मधली अडचण, हे मी जाणतो. म्हणून थोडक्यात बोलतो.

गेल्या महिन्यात एक भगिनी माझ्याकडे आल्या होत्या. मुलगी नववीत, अभ्यासात बरी आणि खेळात फार चांगली. "सर, तिचं नाव खेळाच्या यादीतून काढायला सांगा. खेळून तिला काय मिळणार?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून मी लगेच उत्तर दिले नाही. ते आज देतो, आणि त्यासाठी आपल्याला एका मुलीची हकीकत सांगतो.

तिचे नाव हाजरा खान. जन्म कराचीचा, २९ डिसेंबर १९९३ चा. कराची हे नाव आपल्यापैकी काही कोकणी घरांना परके नाही. कुणाचे चुलते, कुणाची आत्या तिकडे स्थायिक झालेली आहे. तो देश क्रिकेट आणि हॉकीचा. मुलींचा फुटबॉल तिथे अगदी नवा. मुलींची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इस्लामाबादला २००५ साली भरली, तेव्हा हाजरा अकरा वर्षांची होती. म्हणजे तिच्यापुढे वाट दाखवणारी थोरली पिढीच नव्हती. पाकिस्तानचा महिला संघ पहिले आंतरराष्ट्रीय सामने खेळला तो २०१० साली, ढाक्याच्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत. त्याच वर्षाच्या अखेरीस कॉक्स बाजारच्या दक्षिण आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धेत हा नवखा संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. मोठमोठे पराभवही त्याने त्याच स्पर्धेत पाहिले. नव्या संघाला हे चुकत नाही.

हाजरा आघाडीला खेळणारी, गोल करणारी. बलुचिस्तान युनायटेड या संघातून तिने नाव मिळवले. २०१४ साली मालदीवच्या एका क्लबने तिला बोलावले. परदेशी क्लबकडून खेळणाऱ्या पहिल्या पाकिस्तानी महिला फुटबॉलपटूंत तिची गणना होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इस्लामाबादला दक्षिण आशियाई स्पर्धा भरली आणि आपल्याच देशाच्या मैदानावर, वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी, ती संघाची कर्णधार होती. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या क्लबांनी तिची चाचणी घेतली.

इथवर ऐकून आपल्याला वाटेल, आता यशाची चढती कमान सुरू होणार. तसे झाले नाही, आणि मला आज सांगायचे आहे ते नेमके हेच.

नोव्हेंबर २०१४ नंतर पाकिस्तानचा महिला संघ पुढचा आंतरराष्ट्रीय सामना खेळला तो सप्टेंबर २०२२ मध्ये. मध्ये जवळजवळ आठ वर्षे गेली. हाजराच्या वयाची वीस ते अठ्ठावीस! खेळाडूच्या आयुष्यात याहून मोलाची वर्षे नसतात.

हे कशामुळे झाले? २०१५ साली तिथल्या फुटबॉल महासंघाच्या निवडणुकीवरून दोन गट पडले. भांडण कोर्टात गेले, कोर्टाने प्रशासक नेमला. फिफा या जागतिक संघटनेचा नियम असा की, महासंघाच्या कारभारात बाहेरचा हात चालत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये फिफाने पाकिस्तानला निलंबित केले. ते निलंबन मार्च २०१८ मध्ये उठले. पण भांडण मिटले नाही, आणि २०१६ व २०१९ च्या दक्षिण आशियाई महिला स्पर्धा पाकिस्तानच्या मुलींविनाच झाल्या. मार्च २०२१ मध्ये तर कराचीत महिलांची राष्ट्रीय स्पर्धा चालू असताना तिकडे लाहोरला एका गटाने महासंघाच्या कचेरीचा ताबा घेतला. स्पर्धा अर्ध्यावर बंद पडली. एप्रिलमध्ये पुन्हा निलंबन आले, ते जून २०२२ च्या अखेरीपर्यंत राहिले. २०२५ च्या फेब्रुवारीत तिसऱ्यांदा तीच पाळी आली. सुदैवाने ते महिनाभरात निस्तरले.

पालकहो, "लोक काय म्हणतील" याची भीती आपण बाळगतो. पण या मुलींची आठ वर्षे लोकांच्या बोलण्याने गेली नाहीत, पोशाखाने गेली नाहीत, की त्यांच्या अंगी काही कमी होते म्हणूनही गेली नाहीत. ती गेली खुर्चीसाठी भांडणाऱ्या वडीलधाऱ्यांमुळे.

मग त्या वर्षांत हाजरा काय करीत होती? देशातल्या स्पर्धा होत तेव्हा ती खेळत होती. पुढे लष्कराच्या संघाकडून खेळली. जून २०१७ मध्ये अनेक देशांच्या महिला खेळाडूंबरोबर ती आफ्रिकेतला किलिमांजारो पर्वत चढली. वर राखेच्या मैदानावर, ५,७१४ मीटर उंचीवर, त्या पूर्ण नव्वद मिनिटांचा सामना खेळल्या. जिथे नुसते चालताना धाप लागते तिथे! पुढल्या वर्षी जॉर्डनमध्ये मृत समुद्राकाठी, समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरांहून खाली, असाच सामना झाला. मुलींनाही खेळायला सारखे मैदान मिळावे, एवढेच त्यांचे मागणे होते. देशाचे दार बंद असताना ही मुलगी डोंगर चढून खेळली.

सप्टेंबर २०२२ मध्ये काठमांडूला पाकिस्तानच्या मुली पुन्हा उतरल्या आणि मालदीवला त्यांनी सात-शून्य असे हरवले. एकट्या नादिया खानने चार गोल केले. त्या संघात हाजरा नव्हती. पण मध्यंतरीच्या कोरड्या वर्षांत खेळाचा दिवा ज्या मुलींनी विझू दिला नाही, त्यांत ती होती, हे विसरता येणार नाही.

आता त्या भगिनींना उत्तर. बाई, खेळून आपल्या लेकीला नोकरी मिळेल असे वचन मी देत नाही. हाजरासारख्या गुणी मुलीलाही सारे मिळाले नाही. परंतु पडल्यावर उठणे, दहा जणींना बरोबर घेणे, हरल्यावर हात मिळवणे आणि दार बंद झाले तर दुसरी वाट शोधणे, हे तिला मैदानावर शिकायला मिळेल. परीक्षेत नापास झाल्यावर, सासरी, नोकरीत, संकटात हीच शिदोरी कामी येते. अभ्यासाचा तास खेळासाठी बुडवू नका, पण खेळाचा तास भीतीपोटी बुडवू नका. नववीचे वर्ष पुन्हा येत नाही.

दुसरी विनंती आम्हा व्यासपीठावरच्यांना, आणि तीत मीही आलो. संस्था म्हटली की मतभेद आलेच. ते सभेत मांडावेत, मतदानाने मिटवावेत. परंतु आपल्या भांडणापायी प्रयोगशाळा वर्षभर कुलुपात राहिली, शिक्षकाची नेमणूक लांबली, मैदान तसेच पडून राहिले, तर आपण कुणाची तरी आठ वर्षे खर्च करीत असतो. ती वर्षे आपली नसतात, मुलांची असतात. कचेरी परत मिळते, खुर्चीही परत मिळते. विसावे वर्ष कुणाला परत मिळत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच सांगतो. मैदान मिळाले तर जीव ओतून खेळा. नाही मिळाले तर डोंगर आहेतच.