रेकॉर्डिंगचा नवा बॉक्स घेताना



मालिकांची वेळ संध्याकाळी सात ते दहा, आणि आपल्या भोसरीत पोळ्यांची वेळही नेमकी तीच. पहिल्या पाळीला जाणारीला पहाटे साडेचारला उठायचं असतं, ती नऊला आडवी होते. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री बाराला येणार, त्याचं ताट गरम करायला कुणीतरी जागं राहणार. त्यामुळे रेकॉर्डिंगचा बॉक्स ही आम्हा बायकांना कधी चैन वाटलीच नाही. गुरुवारी एमआयडीसीची सुट्टी. त्या दुपारी आठवडाभराची मालिका जाहिराती पळवत एका बैठकीत संपवायची. अर्थात लाइट असली तर!

टाटा स्कायची सेवा २००६ साली सुरू झाली आणि रेकॉर्डिंगवाला टाटा स्काय प्लस २००८ साली आला. आता दारावर माणूस येतो, म्हणतो, ‘ताई, जुना बॉक्स द्या, नवा फास्ट घेऊन जा.’ हे फास्ट म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ या.

नव्या बॉक्समधला प्रोसेसर जोरकस असतो, मेमरी जास्त असते. म्हणून कार्यक्रमांची यादी झटकन उघडते, नाव टाकलं की मालिका सापडते, रिमोट चारदा दाबावा लागत नाही. हा फरक खरा आहे. पण चॅनल बदलताना एक-दोन सेकंद जातात, ते सगळे बॉक्समुळे नसतात. वरून येणारं चित्र दाबून बसवलेलं असतं. पूर्ण चित्र थोड्या थोड्या वेळाने येतं, मधल्या काळात फक्त काय हललं तेवढंच. पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत बॉक्सला थांबावंच लागतं. आणि जुलैच्या पावसात पडदा काळा होतो, तो महागड्या बॉक्सनेही थांबत नाही. लाटाच पावसात अडतात, त्याला प्रोसेसर काय करणार?

खरी विचारायची गोष्ट ट्यूनरची. ट्यूनर एकच असेल तर तुमची मालिका रेकॉर्ड होत असताना घरच्यांना दुसऱ्या चॅनलवर मॅच बघता येत नाही, मग कुणाचं रेकॉर्डिंग बंद होतं ते सांगायला नको. दोन ट्यूनर असतील तर भांडण मिटतं. मात्र बऱ्याच बॉक्सना त्यासाठी छत्रीपासून दोन वायरी आणाव्या लागतात. बसवणारा घाईत एकच ओढून जातो. तो जिन्यावरून खाली उतरायच्या आत दोन्ही चॅनल लावून बघा.

हार्ड डिस्क किती मोठी, यावर फार पैसे घालू नका. साध्या चित्राचा तासभराचा कार्यक्रम साधारण एक-दीड जीबी घेतो, एचडी तीन-चार. ५०० जीबीत एचडीचे शंभर-सव्वाशे तास सहज मावतात. अर्ध्या तासाच्या चार मालिका आठवड्याला सहा दिवस धरल्या तर बारा तास होतात. दोन महिने पुसायची गरज नाही.

आणि नीट ऐका, आजच्या अनेक अँड्रॉइड बॉक्समध्ये हार्ड डिस्क नसतेच. राहिलेला भाग इंटरनेटवरून बघा, असं त्यांचं म्हणणं. घरात वायफाय चांगलं असेल तर ठीक. मोबाइलच्या डेटावर चालवणारीने हिशेब करून घ्यावा.

बॉक्सवर क्रोशाचा रुमाल टाकायची आपली सवय आहे. डिस्क फिरते, तापते, तिला वारा लागतो. तो रुमाल टीव्हीच्या बाजूला ठेवा, बॉक्सवर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेकॉर्डिंग त्या बॉक्सलाच कुलूपबंद असतं. डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी चालत नाही, आणि बहुतेक ठिकाणी रिचार्ज संपला की ते उघडतही नाही. आमच्या एका मैत्रिणीच्या मुलीचं लेझीम पथक टीव्हीवर दिसलं होतं. तिने ते तीन वर्षं जपलं. बॉक्स बदलायला आलेल्याने विचारलं नाही, सांगितलंही नाही. जुना बॉक्स गेला, लेझीमही गेलं. कंपनीला फोन केला तर म्हणे, परत मिळत नाही.

तेव्हा असं काही जपलेलं असेल, तर ते टीव्हीवर लावून समोर मोबाइल धरा आणि टिपून घ्या. चित्र थोडं पुसट येईल, येऊ दे. मग जुना बॉक्स द्या.