मुलांना सांगावयाच्या शौर्यकथा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मंडळाच्या कार्यवाहांनी 'मुलांच्या गोष्टी' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. विद्यार्थी-साहाय्यनिधी, वसतिगृहाची इमारत, वधूवरसूचना असे गहन विषय सकाळच्या बैठकीत आटोपले आणि मुलांच्या गोष्टींच्या वाट्यास भोजनोत्तर वेळ आली. या वेळी निम्मे श्रोते डुलक्या घेतात हे आम्हांस अनुभवाने ठाऊक आहे. तथापि मुले डुलक्या घेत नाहीत, आणि आमचे बोलणे मुख्यतः त्यांच्याचविषयी आहे.

गतवर्षी मंडळाने मुलांकरिता 'शूर मुलाची गोष्ट' अशी लेखनस्पर्धा ठेवली होती व परीक्षणाचे काम आमच्यावर सोपविले होते. आलेल्या गोष्टी आम्ही दोन दोन वेळा वाचल्या. मावळे होते, कडे होते, तटावर चढणाऱ्या घोरपडी होत्या. ज्याचे सारे बालपण मूल-सावलीकडच्या सपाट धानाच्या बांधीत गेले, अशा एका मुलाने सह्याद्रीचा कडा इतक्या झपाट्याने चढविला की आम्हांसच धाप लागली. शिवछत्रपतींच्या कथा मुलांनी वाचू नयेत असे आम्ही म्हणत आहोत, असा विपर्यास कृपा करून कोणी करू नये. त्या कथांवरच आमची पिढी वाढली. परंतु त्या साऱ्या वह्यांत इरई नव्हती, झरपट नव्हती, वैनगंगा नव्हती. मोहाचे झाड नव्हते, की तेंदूपानांचा भारा नव्हता. आणि दुसरी गोष्ट आम्हांस अधिक खटकली. एकाही गोष्टीतील मुलगा भ्यालेला नव्हता.

ज्यास भीतीच वाटत नाही, त्याचे शौर्य ते काय? आपल्या भाषेतील चांगल्या बालवाङ्मयाने हे कधीच ओळखले आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक काढले, वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ मध्ये 'आनंद' सुरू केले. तेव्हापासून मुलांसाठी लिहिणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे अखंड आहे. पुढे भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या फेणेस सायकलीवर बसवून मराठी मुलांच्या घराघरांत धाडले. या सर्वांत साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई' या पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग आम्हांस वारंवार आठवतो. श्याम विहिरीत उडी घेण्यास भितो आणि घरात लपून बसतो. एरवी इतकी कोमल असलेली ती माता त्या दिवशी हाती शिंपटी घेते व मुलास मारीत बाहेर काढते. श्याम उडी घेतो, पोहून घरी येतो. तेव्हा तीच माता त्याच्या पाठीवरचे वळ पाहते आणि तिचे डोळे भरून येतात. आपला मुलगा भित्रा ठरू नये एवढ्यासाठी तिने मन कठोर केले होते. येथे भ्याले दोघेही, आणि धैर्य दोघांनीही दाखविले. आमच्या मते याहून थोर शौर्यकथा मराठीत थोड्या आहेत, आणि तीत तलवार कोठेही नाही.

आता आपल्या मुलुखाकडे वळू. आमच्या लहानपणी आजी चांद्याच्या परकोटाची एक गोष्ट सांगे. खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा अंगावरील खांडकांनी पीडित होता. झरपटीच्या पाण्याने त्यास आराम पडला, आणि तेथेच अंचलेश्वराचे स्थान प्रकट झाले. पुढे एके दिवशी राजा शिकारीस गेला असता झुडपातून एक ससा उठला. त्याच्या कपाळावर चंद्रासारखा पांढरा ठिपका होता. राजाचा कुत्रा त्याच्यावर धावला नाही. उलट ससाच कुत्र्याच्या पाठीस लागला! राजा घोड्यावरून थक्क होऊन पाहत राहिला. ससा कुत्र्यास वळसे घेत पळवीत होता. अखेर कुत्रा उलटला व ससा मारला गेला. राजाने घरी येऊन हा चमत्कार राणीस सांगितला. ती म्हणाली, जेथे ससा कुत्र्यास पळवितो, त्या भूमीवर नगर वसवा; ससा ज्या वाटेने धावला, त्या वाटेने तट घाला. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर या चार दरवाजांतून आपण नित्य ये-जा करतो, तो हाच तट. ही दंतकथा आहे हे सांगणे नलगे. परंतु अंगणात निजलेल्या आम्हां मुलांस त्या सशाचा ऊर धडधडताना ऐकू येई. आणि ससा शेवटी मरतो, हे आजी कधी लपवीत नसे. आम्ही रडलो तरी लपवीत नसे.

दुसरी गोष्ट दंतकथा नव्हे, इतिहास आहे. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये खालसा होऊन चांद्यावर कंपनीचा अंमल बसला. मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यात १८३३ मध्ये जन्मलेल्या बाबूराव पुल्लेश्वर शेडमाके या गोंड तरुणाने, वयाच्या पंचविशीत, मार्च १८५८ मध्ये गोंड, माडिया व रोहिले असे सुमारे पाचशे लोक जमवून राजगड परगणा हस्तगत केला. नांदगाव-घोसरीस लढाई झाली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यास येऊन मिळाले. चांद्याचा डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याच्या फौजेस या जंगलात त्यांनी महिनोन्‌महिने जेरीस आणले. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकडे चिचगुंडी येथील तारखात्याच्या तळावर छापा पडला व गार्टलंड आणि हॉल हे दोन नोकर मारले गेले. पुढे इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. सप्टेंबरात बाबूराव पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यास फाशी देण्यात आले. बक्षीस म्हणून अडपल्ली व घोट या जमीनदाऱ्या अहेरीस मिळाल्या.

ही गोष्ट आम्ही गेल्या दिवाळीत घरच्या मुलांस सांगितली. सांगताना आम्हांसही मोह झाला. फाशीचा दोर पुनःपुन्हा तुटला, त्याच्या देहास शस्त्र लागत नसे, अशा कथा लोक श्रद्धेने सांगतात. त्या श्रद्धेचा आम्ही उपमर्द करीत नाही. परंतु मुलांना सांगताना आम्ही त्या गाळल्या. ज्यास मरण नाही त्याने फौजेसमोर उभे राहण्यात विशेष ते काय? हा पंचवीस वर्षांचा मुलगा मरू शकत होता, आणि त्यास ते माहीत होते. तारखात्याचे दोन नोकर मारले गेले, तेही आम्ही सांगितले. "त्यांना मुलं होती का?" असे धाकट्या नातीने विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही.

मग थोरला नातू, जो आता नववीत आहे, म्हणाला, "आबाजी, तेव्हा आपली माणसं कुठं होती?"

सज्जनहो, आम्ही अनेक सभांत बोललो, परंतु या प्रश्नाने आमची जशी बोबडी वळली तशी कधी वळली नव्हती. आमचे घराणे भोसल्यांच्या अमदानीत या गावी आले. आमचे पूर्वज दप्तरी कारकून होते. राज्य बदलले, दप्तर बदलले नाही. १८५८ मध्ये ते याच परकोटाच्या आत राहत होते, आणि ज्या तुरुंगात फाशी झाली तोही याच परकोटाच्या आत. त्या सकाळी त्यांनी काय केले, याची नोंद कोठेही नाही. बहुधा दार लावून घेतले असावे. आम्ही नातवास तेच सांगितले. लेकरे-बाळे असलेली भित्री माणसे होती, वाईट नव्हती, असेही म्हणालो. ते बचावासाठी म्हणालो की सत्य म्हणून, हे आमचे आम्हांसच उमगलेले नाही.

काही वडीलधाऱ्यांस ही कबुली रुचणार नाही. ज्ञातीच्या स्मरणिकेत ज्ञातीच्याच वीरांच्या कथा याव्यात, असे त्यांचे म्हणणे असते. त्यांस आम्ही हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाला'ची आठवण देतो. त्या कादंबरीतील तरुणाचा बाप विजापूरच्या बादशाहीचा इमानी सेवक आहे, आणि मुलाचे मन स्वराज्याकडे ओढ घेते. मुलगा मोठा होतो तो बापाचे मोठेपण गाऊन नव्हे, तर बापाने जे पाहिले नाही ते पाहून. आपल्या मुलांनी आमचे काय पाहावे आणि काय ओलांडावे, हे ठरविण्यास त्यांना खरी गोष्ट ठाऊक हवी. आणि चिमूर काय सांगते? १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेल्या त्या गावात प्रभातफेरी निघाली, गोळीबार झाला, तरुण बालाजी रायपूरकर पडला. जमाव बेफाम झाला व काही सरकारी अंमलदार मारले गेले. मग लष्कर आले आणि गावातील स्त्रियांवर अत्याचार झाले. चौकशीसाठी भणसाळींनी ६३ दिवस उपोषण केले हे पुस्तकांत येते; परंतु ज्या स्त्रियांनी आपणांवर काय गुदरले ते बाहेरून आलेल्यांपुढे तोंडाने सांगितले, त्यांचे धैर्य मुलांच्या पुस्तकांत अद्याप आलेले नाही. थोरल्या मुलामुलींना ते सांगावयास हवे. त्या फेरीत चालणाऱ्यांनी एकमेकांची जात विचारली नव्हती.

मुलींच्या मातांनी आमची एक तक्रार ऐकावी. स्पर्धेतील मुलींच्या गोष्टींतही शूर तो मुलगाच होता! पती बीरशहाच्या मृत्यूनंतर दत्तक रामशहाच्या नावे राज्य सांभाळणारी व पतीची समाधी बांधणारी राणी हिराई याच गावची ना? आणि इतके मागे तरी का जावे? एटापल्ली-भामरागडकडून एकटी एस.टी.ने येऊन वसतिगृहात राहणारी, घरी माडिया बोलून वर्गात मराठीत उत्तर देणारी मुलगी आम्ही पाहिली आहे. पहिल्या रात्री ती रडली असेलच. दुसऱ्या दिवशी वर्गात गेली, ही तिची गोष्ट.

लहानग्यांसाठी मात्र इतके जड काही नको. हेमलकशाच्या लोकबिरादरीत वाढलेल्या अनाथ वन्य प्राण्यांविषयी विलास मनोहरांनी 'नेगल' हे पुस्तक लिहिले आहे. बिबट्यावर माया करता येते, आणि तो बिबट्याच राहतो, या दोन्ही गोष्टी मुले त्यातून शिकतात. आपल्या जिल्ह्यांत, जेथे वाघ-बिबट्यांची वार्ता रोजच कानी येते, तेथे या दोहोंची गरज आहे.

यंदाच्या स्पर्धेसाठी कार्यकारिणीने आमची एक सूचना मान्य केली आहे. गोष्ट चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात घडलेली असावी, आणि लिहिण्यापूर्वी मुलाने घरच्या अथवा शेजारच्या एका वृद्ध माणसाजवळ बसून त्या ठिकाणाविषयी विचारून घ्यावे. वृद्धांनीही मांडी घालून वेळ द्यावा. मंडईतल्या रात्रभरच्या नाटकांना पोत्यावर बसून आपण इतिहास ऐकला, तो कोणी तरी जागून सांगितला म्हणूनच. शब्दांची मर्यादा नाही. वह्या माघ महिन्याअखेर कार्यवाहांकडे पोचाव्यात.

एक वही आमच्याकडे आधीच आली आहे, ती आमच्या नातवाची. त्यामुळे यंदा परीक्षक दुसरे नेमावे, ही विनंती. त्याच्या गोष्टीत १८५८ साली आमच्याच घरातील बारा वर्षांचा एक मुलगा कारकून बापाच्या नकळत पठाणपुरा दरवाजाबाहेर पडतो, आणि शिपाई येत आहेत एवढा निरोप घेऊन जंगलाकडे जातो. वाटेत तो दोनदा माघारी वळतो. "असं आपल्या घरात कोणी खरंच केलं होतं का, आबाजी?" असे त्याने विचारले. नाही, असे आम्ही सांगितले, आणि शीर्षकाखाली 'कल्पित' हा शब्द लिहावयास लावला.