पाचोळ्यातील सोंडे आणि त्यांचे नामकरण
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत ‘जीवदया’ हा शब्द असंख्य वेळा उच्चारला गेला आहे. पांजरपोळ, गोशाळा, उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी ठेवलेले पाणी ही जीवदयेची परिचित रूपे होत. आजच्या भाषणाचा विषय मात्र त्याहून पुष्कळ लहान, किंबहुना डोळ्यांना जेमतेम दिसणारा आहे. उष्ण कटिबंधातील अरण्यांत जमिनीवर जो पालापाचोळा साचतो, त्यात राहणारे दोन-तीन मिलिमीटर लांबीचे भुंगेरे आणि त्यांच्या नव्या जाती ओळखून त्यांना नावे देण्याचे शास्त्र, हा तो विषय. या शास्त्रात नाव देण्यासाठी बहुधा जीव घ्यावा लागतो. म्हणूनच तो जैन श्रोत्यांपुढे मांडणे आवश्यक वाटते.

धान्यातले सोंडे सर्वांच्या परिचयाचे आहेत. डोक्यापुढे आलेल्या सोंडेवरून त्यांना हे नाव मिळाले. तांदळात सोंडे झाले की जुन्या पिढीतील श्राविका धान्य सुपात हळुवार पसरून त्यांना वाट करून देत. एकही चिरडला जाऊ नये याकडे त्यांचे लक्ष असे. या सोंड्यांच्या विशाल परिवारात ‘ट्रायगोनोप्टेरस’ नावाचा एक वंश आहे. त्याची वस्ती इंडोनेशिया, न्यू गिनी व आसपासच्या बेटांवरील अरण्यांत आहे. त्यातील काही जाती झुडपांच्या पानांवर राहतात, तर पुष्कळ जाती जमिनीवरील ओल्या पाचोळ्यात. या जिवांना उडता येत नाही. धक्का लागताच पाय शरीराशी आखडून ते मेल्याचे सोंग घेतात आणि पाचोळ्यातल्या मातीच्या कणासारखे निश्चल पडून राहतात. 2011 साली या वंशातील एका जातीच्या पायाचा सांधा क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासला गेला, तेव्हा त्यात चक्क स्क्रू आणि नट यांची रचना आढळली. मनुष्याने स्क्रू शोधून काढला असे समजले जाते. तो या क्षुद्र मानलेल्या जिवाच्या खुब्यात मनुष्याच्या कितीतरी आधीपासून फिरत होता!

उडता येत नसल्याचा परिणाम मोठा आहे. एका डोंगरावरचा सोंडा दुसऱ्या डोंगरावर जाऊ शकत नाही. लक्षावधी वर्षे एकेका उतारावर अडकून राहिल्याने प्रत्येक ठिकाणी वेगळी जाती निर्माण झाली. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावर या वंशातील पहिली जाती 1885 साली नोंदली गेली. त्यानंतर 134 वर्षे त्या बेटावरून दुसऱ्या एकाही जातीचे वर्णन झाले नाही. जर्मनीतील कार्ल्सरूअ येथील निसर्गेतिहास संग्रहालयाचे डॉ. अलेक्झांडर रीडेल आणि इंडोनेशियाचे रादेन प्रामेसा नाराकुसुमो यांनी 2019 मध्ये एकाच ग्रंथतुल्य निबंधात त्या बेटावरील 103 नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यापूर्वी 2013 मध्ये न्यू गिनीतील 101 आणि 2014 मध्ये सुमात्रा, जावा, बाली आदी बेटांवरील 98 जातींची वर्णने झाली होती. अवघ्या सहा वर्षांत 302 जाती! त्यानंतरही ही भर थांबलेली नाही.

नवी जाती ‘सापडली’ असे वर्तमानपत्रात एका ओळीत छापून येते. प्रत्यक्षात सापडणे हा या कामाचा सर्वांत सोपा भाग होय. अरण्यात पाचोळा गोळा करून तो चाळणीने चाळतात. जाड पाने व काटक्या बाजूला काढून खाली पडलेला बारीक चुरा पांढऱ्या कापडावर तपासतात, किंवा जाळीदार पिशवीत भरून टांगून ठेवतात. चुरा वाळू लागला की ओलावा शोधणारे जीव खाली उतरतात आणि तळाशी ठेवलेल्या मद्यार्काच्या बाटलीत पडतात. तेथेच त्यांचा अंत होतो.

येथे जैन मन अडखळल्यावाचून राहत नाही. चाळणे आणि गाळणे या क्रिया जैन घरालाही नव्या नाहीत. पण पाणी गाळून झाल्यावर गाळण्यावर राहिलेले जीव त्याच पाण्यात, त्याच विहिरीत परत सोडण्याची, म्हणजे जिवाणीची, रीत जैन घराने पाळली. एक चाळणी वाचवण्यासाठी, दुसरी वेचण्यासाठी. हा भेद कोणत्याही युक्तिवादाने पुसता येणार नाही.

पुढचे काम प्रयोगशाळेत होते. सूक्ष्मदर्शकाखाली अनेक सोंडे हुबेहूब सारखेच दिसतात. त्यांच्यातील भेद पंखकवचावरील सूक्ष्म खाचांत, पायांच्या ठेवणीत आणि विशेषतः नराच्या जननेंद्रियाच्या घडणीत असतो. म्हणून पोट उघडून पाहावे लागते. त्याबरोबर डीएनएमधील एका ठराविक जनुकाचा क्रम काढून तो इतरांच्या क्रमाशी ताडतात. नंतर आजवर वर्णिलेल्या जातींचे मूळ नमुने संग्रहालयांतून मिळवून त्यांच्याशी तुलना होते. हे सर्व झाल्यावरच वर्णन लिहिले जाते. एक नमुना त्या जातीचा प्रमाण नमुना ठरतो. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधीही शंका आली की निर्णय या एका नमुन्यावरून होतो. तराजूला जसे प्रमाण वजन, तसा जातीला होलोटाइप. प्राण्यांच्या नावांची ही शिस्त लिनियस यांच्या 1758 सालच्या ग्रंथापासून मोजली जाते.

शेकडो जातींना नावे द्यायची म्हणजे शब्दही अपुरे पडतात. न्यू गिनीतील काही जातींसाठी तेथील टेलिफोन डिरेक्टरीतून आडनावे घेण्यात आली. बालीतील एका जातीला निसर्गपट निर्माते डेव्हिड अॅटनबरो यांचे नाव मिळाले, तर सुलावेसीतील एका हिरवट, चिमुकल्या सोंड्याला इंग्रजी चित्रपटातील योडा या पात्राचे. गंभीर कामाला हा पोरखेळ शोभत नाही असे कोणी म्हणेल. ते खोटेही नाही. पण नाव कसेही असले तरी अनाम राहण्यापेक्षा बरे, कारण ज्याला नाव नाही त्याची नोंद कोणत्याच यादीत होत नाही.

जैन परंपरेने सूक्ष्म जिवांची मोजदाद फार पूर्वी केली आहे. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भुंगा आणि मनुष्य अशी एकेक इंद्रिय वाढत जाणारी श्रेणी सांगितली. भुंगा चतुरिंद्रिय. पाचोळ्यातील व मातीतील काही भुंगेऱ्यांना मात्र डोळेच नसतात. त्यांना त्रींद्रियांत बसवायचे की चतुरिंद्रियांत, हा प्रश्न विद्वज्जनांनी अवश्य विचारात घ्यावा. परंपरेत द्वींद्रिय, त्रींद्रिय व चतुरिंद्रिय यांच्या प्रत्येकी दोन लाख योनी सांगितल्या आहेत, आणि विज्ञानाने भुंगेऱ्यांच्याच सुमारे चार लाख जाती नोंदल्या आहेत. योनी व जाती या कल्पना भिन्न असल्याने या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करू नये. उत्साहाच्या भरात तसे करणारी व्याख्याने अधूनमधून ऐकू येतात, म्हणून हा उल्लेख.

मग संशोधकाची हिंसा कोणती मानावी? आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी या चार प्रकारांपैकी पहिल्या तिन्हींत ती नीट बसत नाही. जीव जाणूनबुजून घेतला जातो, म्हणजे संकल्प आहेच. हेतू उदात्त आहे म्हणून तिचे नाव बदलत नाही. व्रती श्रावकाने हा व्यवसाय पत्करू नये, हे सांगण्यास संकोच नसावा.

याला पर्याय निघाल्याची उदाहरणेही आहेत. अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट येथे बुगुन लिओसिकला या पक्ष्याचे वर्णन 2006 साली रमण आत्रेय यांनी केले. व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ असलेले हे गृहस्थ तेव्हा पुण्यात कार्यरत होते. पक्षी फारच थोडे दिसल्याने त्यांनी एकही मारला नाही. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची गळालेली पिसे, छायाचित्रे व आवाजाचे मुद्रण यांच्या आधारे वर्णन झाले आणि पक्षी सोडून देण्यात आला. याउलट 1991 मध्ये सोमालियातील एका पक्ष्याचे वर्णन असेच जिवंत पक्ष्यावरून, त्याला सोडून देऊन केले गेले होते. ती वेगळी जाती नसून माहीत असलेल्याच पक्ष्याचा निराळा रंग असल्याचे 2008 साली निष्पन्न झाले. दया चुकली नव्हती, ओळख चुकली होती. आणि दोन मिलिमीटरच्या सोंड्याची ओळख छायाचित्रावरून पटणे आज तरी शक्य दिसत नाही.

परंतु खतावणीचे दुसरे पानही उघडावे लागते. सुमात्रातील अरण्ये विस्तीर्ण प्रमाणावर तोडली गेली. त्याचे एक प्रमुख कारण पाम तेलाची लागवड. भारत हा पाम तेलाच्या अग्रगण्य आयातदारांपैकी आहे, आणि ते तेल फरसाणात, बिस्किटांत व साबणात मिसळून घरोघरी पोहोचते. कंदमूळ वर्ज्य करणाऱ्या घरांतही ते असते. संशोधकाच्या बाटलीत एखाद्या जातीचे पाच-पन्नास जीव जातात. एकाच डोंगरावर राहणाऱ्या, उडू न शकणाऱ्या जातीचा उतार साफ झाला की ती संपूर्ण जातीच जाते, आणि तिला नाव नसेल तर ती होती हेही कोणास कळत नाही. प्रमादाला हिंसेचे मूळ मानणाऱ्या आचार्यांनी या दोहोंत अधिक प्रमाद कोठे पाहिला असता, हे ज्याने त्याने तेल घेताना डब्यावरील बारीक अक्षरे वाचून ठरवावे.

डॉ. रीडेल यांच्या पद्धतीत एक गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. डीएनए काढताना सोंड्याचे शरीर कुटले जात नाही. ते द्रावणात ठेवून अंश काढला जातो व कवच अखंड राहते. त्यामुळे एकच नमुना जनुकासाठीही उपयोगी पडतो आणि रूपासाठीही. तो सोंडा कार्डावर चिकटवून, त्याखाली ठिकाण, उंची व तारीख यांची चिठ्ठी टाचून संग्रहालयाच्या पेटीत ठेवला जातो. पुढच्या पिढीतील अभ्यासकाला त्या जातीचे रूप पाहायचे झाल्यास पुन्हा अरण्यात चाळणी घेऊन जावे लागत नाही, ती पेटी उघडली की पुरते.