लाकडी वस्तूंचे कोपरे सारखे गोल कसे करावे
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. वाचन, लेखन आणि गणनक्रियांची चर्चा बाजूस ठेवून फळीच्या कोपऱ्यावर पाऊण तास बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये असे सुचविले आहे की, सहावी ते आठवी या इयत्तांच्या दरम्यान दहा दिवस दप्तर घरी ठेवून मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा स्थानिक जाणकारांजवळ काम शिकावे. वर्ध्यास १९३७ साली भरलेल्या परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या मध्यभागी बसविले, तेव्हापासून हा विचार या ना त्या नावाने आपल्या शाळांत येत-जात राहिला आहे. विचारावर भाषणे पुष्कळ झाली. करवत कोठे धरावी, यावर फार थोडी झाली. म्हणून आज विचाराचा भाग इतकाच पुरे.

शाळाभेटीत मी मुलांनी केलेल्या लाकडी वस्तू आवर्जून पाहतो. लिहिण्याची फळी, लहान पाट, किल्ल्या अडकविण्याची पट्टी, अंकांचे ठोकळे. लांबी-रुंदी बहुधा बरोबर असते, कारण पट्टीने मोजता येते. कोपऱ्याशी मात्र सारे बिघडते. एक कोपरा आंब्याच्या कोयीसारखा, दुसरा टोकदार, तिसऱ्याची ढलपी उडालेली आणि चौथा घासून घासून आत गेलेला. मूल ती फळी दाखविताना बिघडलेल्या कोपऱ्यावर अंगठा ठेवते. विचारले तर म्हणते, “गुरुजी, माझा हातच बरा नाही.” बारा वर्षांच्या मुलाने स्वतःच्या हाताविषयी असा निकाल देऊन टाकावा, हे मला फार लागते. या निकालास बहुतेक वेळा काही आधार नसतो. त्यास नुसती कानस दिलेली असते. साचा दिलेला नसतो. अनुभवी कारागीरही सारखेपणासाठी केवळ डोळ्यावर विसंबत नाही.

दुसरी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कोपरे शिक्षकच घासून देतात, किंवा बाजारातून तयार वस्तू आणून तिच्यावर मुलाच्या नावाची चिठ्ठी लावली जाते, हे आपण सर्व जाणतो. अशा फळीस बक्षीस मिळाले म्हणजे त्या मुलास नेमके काय शिकविले जाते, याचा विचार आपण प्रत्येकाने आपल्याशी करावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. उदाहरणादाखल लिहिण्याची फळी घेऊ. लांबी ३२ सेंटिमीटर, रुंदी २३ सेंटिमीटर, सहा मिलिमीटर जाडीचे प्लायवूड. कोपऱ्याची त्रिज्या २० मिलिमीटर धरू.

पहिले काम आखणीचे. कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर २० मिलिमीटरांवर खुणा कराव्या. गुण्या लावून त्या खुणांपासून आत काटकोनात रेघा ओढाव्या. त्या जेथे छेदतात तो वर्तुळाचा मध्य. तेथे कंपासाचे टोक ठेवून पाव वर्तुळ काढले की ते दोन्ही कडांना अलगद मिळते. कोठेही गाठ किंवा खळगा राहत नाही. मुले येथे हमखास एक चूक करतात. कंपास मनास येईल तेथे टेकवून वळण काढतात. मग ते कडेला तिरपे येऊन आदळते आणि तेथे एक बोथट कोन उरतो. स्पर्शिका आणि त्रिज्या यांचा काटकोन फळ्यावर सांगून जे समजत नाही, ते ही दोन वळणे शेजारी शेजारी दाखविली की मुलास दिसते.

कंपास नसेल तर नाणे, औषधाच्या बाटलीचे झाकण किंवा डबीचे बूड घ्यावे. ते दोन्ही कडांना टेकवून पेन्सिल फिरवावी. एक सावधगिरी हवी. आपल्या नाण्यांचे आकार मालिकेप्रमाणे बदलले आहेत. २०११ च्या मालिकेतील रुपया आणि २०१९ च्या मालिकेतील रुपया एका मापाचे नाहीत. चार कोपऱ्यांस चार मुलांच्या खिशातील नाणी लावली तर कोपरे चार तऱ्हेचे होणारच. एक वस्तू निवडावी आणि काम संपेपर्यंत ती पेटीत ठेवावी. शिवाय नाण्याचा गोल मोठ्या फळीवर फार लहान वाटतो. ठोकळ्यांस तो शोभतो, फळीस झाकण बरे.

तीस मुलांच्या तीस फळ्या म्हणजे एकशे वीस कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर गुण्या आणि कंपास चालविणे कंटाळवाणे आहे, आणि कंटाळ्यात चुका होतात. म्हणून एकदाच साचा करावा. तळहाताएवढा प्लायवूडचा तुकडा घेऊन त्याचा एक कोपरा शक्य तितका निर्दोष गोल करावा. हे काम मात्र शिक्षकाने स्वतः, सवडीने करावे. मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या दोन्ही बाजूंस एकेक अरुंद पट्टी अशी ठोकावी की ती साच्याच्या खाली थोडी उतरेल आणि फळीच्या कडेला अडसरासारखी टेकेल. गोल भागापाशी पट्टी नसावी. आता साचा कोपऱ्यावर ठेवून आत ढकलला की तो आपोआप जागेवर बसतो. पेन्सिल फिरविण्यास दोन क्षण पुरतात, आणि तिसरीतले मूलही तेच वळण काढते जे सातवीतले काढते.

दुसरे काम कोपरा उडविण्याचे. सरळ कानस घेऊन टोक घासत बसणे हा वेळेचा आणि उमेदीचा नाश आहे. आपण थोडे गणित करू. २० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण सुमारे २८.३ मिलिमीटर भरतो. त्यातून त्रिज्येचे २० वजा केले तर ८.३ उरतात, म्हणजे टोकाशी इतके लाकूड जाणार आहे. कोपऱ्यापासून दोन्ही कडांवर ११ मिलिमीटरांवर खूण करून तिरपी रेघ जोडावी आणि करवतीने तो त्रिकोण एका कापात उडवावा. नेमके अंतर त्रिज्येच्या ०.५८६ पट येते, म्हणजे २० ला ११.७, आपण ११ घेतो ते करवत रेघेवर घसरली तरी वळण वाचावे म्हणून. या एका कापानंतर वळणाबाहेर उरलेले लाकूड कोठेही दोन मिलिमीटरांपेक्षा अधिक नसते. मग कापाच्या दोन टोकांशी जे नवे कोन झाले, तेही कानशीने सपाट उडवावे. आता उरले सुमारे अर्धा मिलिमीटर. गोलाई येथे जवळजवळ झालीच; राहिलेली धार चार-सहा हातांत निघते. दुसरी त्रिज्या घेतल्यास कोपऱ्यापासूनचे अंतर त्रिज्येच्या निम्म्याहून किंचित अधिक ठेवावे, इतके ध्यानात असले तरी पुरे. सातवी-आठवीच्या वर्गात हे गणित मुलांकडूनच काढून घ्यावे. अष्टकोन, मग सोळा बाजू, मग वर्तुळ, हा क्रम पुस्तकात वाचणे निराळे आणि तो हाताखाली होताना पाहणे निराळे.

कानशीविषयी एक समज दूर करणे अवश्य आहे. कोपरा गोल आहे म्हणून मुले अर्धगोल कानशीची गोल बाजू वापरतात आणि कोपऱ्यावर खळगे पाडतात. बाहेरचे वळण सपाट बाजूने घासावे. गोल बाजू आतल्या वळणासाठी आहे. कानस पुढे ढकलताना कापते, मागे ओढताना नुसती झिजते. म्हणून परत येताना ती किंचित उचलावी. ढकलताना मूठ हळूहळू वळणाबरोबर फिरवीत न्यावी. प्लायवूडवर कानस पृष्ठभागाकडून आत, थोडी तिरपी चालवावी, नाही तर वरचा पातळ थर उचकटतो. जाड सागवानी फळीत उभ्या रेषेच्या कडेकडून आडव्या टोकाकडे घासत यावे. टोकाकडून कडेकडे गेल्यास शेवटी ढलपी उडते. पटाशीने तासावयाचे असल्यासही दिशा हीच. मुठीवाचून कानस मुलाच्या हाती मुळीच देऊ नये. तिचे मागचे टोक तळहातात शिरते.

आता सारखेपणाचे खरे रहस्य. ते नजरेत नाही, गठ्ठ्यात आहे. पाच फळ्या एकावर एक ठेवून, कडा नीट जुळवून, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी घट्ट आवळाव्या. वर आणि खाली एकेक टाकाऊ तुकडा द्यावा, म्हणजे ढलपी उडाली तर त्याची उडेल. मग पाचही फळ्यांचा कोपरा एकदम कापावा आणि घासावा. तीस मिलिमीटर जाडीचा गठ्ठा कानशीस बैठक देतो. सहा मिलिमीटरच्या एकट्या फळीवर ती डुलते आणि कड तिरपी होते. पाच फळ्यांचे कोपरे अशा रीतीने एकाच मापाचे होतात, कारण ते एकाच वेळी झालेले असतात. लोखंडी क्लॅम्प असल्यास उत्तम. नसल्यास मेजावर दोन पट्ट्या ठोकून मध्ये गठ्ठा आणि लाकडी पाचर बसवावी. यातही खर्च जवळजवळ नाही. माझ्या बीटमधील एका दोनशिक्षकी शाळेत मी हा प्रयोग पाहिला. गठ्ठ्याभोवती पाच मुले पाळीपाळीने घासत होती, आणि कोणाच्या हाताने काय झाले हे नंतर त्यांस स्वतःसही ओळखता येईना. त्यांत ज्या मुलीस करवत धरू दिली जात नव्हती, तिचा काप सर्वांत सरळ आला. मुलींस पॉलिशपेपर आणि मुलांस करवत, ही वाटणी आपण कोणत्या आधारावर करतो, हे मला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

घासण्याचा शेवट पॉलिशपेपरने करावयाचा. आधी ८० नंबर, मग १२०, शेवटी १८०. कागद बोटांनी धरला तर बोटाच्या मऊपणामुळे कड दोन्ही बाजूंनी झिजते आणि मध्ये फुगवटा राहतो. यावर नळीचा उपाय स्वस्त आहे. पाण्याच्या पीव्हीसी नळीचा बोटभर लांब तुकडा उभा चिरून त्याच्या आतल्या बाजूस कागद फेव्हिकॉलने चिकटवावा. हा पन्हाळीसारखा ठोकळा कोपऱ्यावर पुढे-मागे फिरविला की कोपरा त्याच्याच वळणाचा होतो. यासाठी नळी आधी निवडावी आणि त्रिज्या तिच्यावरून ठरवावी. बाजारात या नळीचे माप बाहेरून सांगतात. ४० मिलिमीटरच्या नळीचा आतला व्यास त्याहून कमी असतो. आतला व्यास पट्टीने मोजून निम्मा करावा आणि तोच साच्यास द्यावा. हातधरणीच्या खाचेसारखी आतली वळणे घासण्यास तोच कागद नळीच्या बाहेरून गुंडाळावा. खाच कापण्याआधी तिच्या दोन्ही टोकांस गिरमिटाने गोल भोके पाडली, तर ही वळणे आयतीच मिळतात.

पारखण्यासाठी जाड पुठ्ठ्यात तेच पाव वर्तुळ आत कापलेले असावे. ते कोपऱ्यावर बसवून खिडकीकडे धरले की फटीतून उजेड दिसतो. पुठ्ठ्याच्या कडेस पेन्सिल घासून तो कोपऱ्यावर फिरविला, तर उंचवट्यांवर काळे डाग उमटतात, तेवढेच घासावे. गुण देण्यासही हीच रीत न्याय्य आहे, कारण मूल आपली फळी स्वतःच तपासू शकते.

विजेवर चालणाऱ्या यंत्राविषयी हल्ली विचारणा होते. त्याने काम लवकर होते यात शंका नाही. पण त्यास काही हजार रुपये लागतात, पाते अतिवेगाने फिरते, आणि त्या यंत्रासही सारखेपणासाठी साचा लागतोच. प्राथमिक शाळेत ते नको, असे माझे स्पष्ट मत आहे. तिसरी-चौथीच्या मुलांनी आखणी आणि पॉलिशपेपर एवढेच करावे; करवत सहावीपासून, शिक्षक शेजारी असताना. घासण्याचे काम व्हरांड्यात किंवा झाडाखाली, नाकास रुमाल बांधून करावे. लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांस अपायकारक आहे.

गावातील सुतारास शाळेत बोलवावे आणि खुर्ची द्यावी. त्याच्या घरचे मूल वर्गात असेल तर त्या दिवशी त्यास मदतनीस करावे.

पुढील परिषदेस प्रत्येक शाळेने आपला साचा, नळीचा ठोकळा आणि मुलांनी केलेल्या दोन फळ्या आणाव्या. फळ्या गठ्ठ्यातून सरसकट काढलेल्या असाव्या, निवडलेल्या नकोत. मी पुठ्ठ्याची पारख घेऊन येतो. एकमेकांच्या शाळेचे कोपरे आपण उजेडात धरून पाहू.