जलस्कीची नौका आणि डिझेलचे इंजिन

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, पेपिन सरोवरावर 1922 साली राल्फ सॅम्युएलसन या तरुणाने पायांना फळ्या बांधून, बोटीमागे दोर धरून पाण्यावर उभे राहण्याची किमया साधली, आणि तेव्हापासून बोटीकडे या खेळाची पहिली मागणी राहिली ती पाण्यात बसलेल्या खेळाडूस क्षणार्धात वर खेचणाऱ्या जोराची. कमी फेऱ्यांवरही असा जोर देणे हा डिझेल इंजिनाचा स्वभावधर्म होय. शिवाय इंधनही त्यास कमी लागते.

परंतु त्याचे खरे मोल मला सुरक्षिततेत दिसते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे बोटीच्या तळाशी, इंजिनाच्या कप्प्यात साचते, आणि म्हणूनच किल्ली फिरवण्यापूर्वी काही मिनिटे पंखा लावून ती बाहेर काढावी लागते; त्यात कसूर झाल्यास एक ठिणगी अनर्थास पुरते. डिझेल इतक्या सहजी पेट घेत नाही, आणि दाबून तापलेल्या हवेतच ते पेटत असल्याने त्याच्या इंजिनास ठिणगीची जरूरही नसते.

तथापि हा दाब सोसण्यासाठी इंजिन भक्कम, अर्थात वजनदार आणि महाग करावे लागते. वजनाने बोट अधिक खोल बसते, मागची लाट उंचावते, आणि ताशी 58 किलोमीटर वेगाने बोयांना वळसे घालणाऱ्या स्लॅलमपटूस ती जाचते. वेकबोर्ड खेळणाऱ्यास मात्र तीच हवी असते. केवळ सुट्टीत पाण्यावर उतरणारी बोट इंधनाच्या बचतीतून जादा किंमत सहसा भरून काढीत नाही. दिवसभर राबणाऱ्या प्रशिक्षणाच्या बोटीसाठी डिझेल बेलाशक घ्यावे.