बाळंतिणीच्या उशाशी कोण?

आज आम्ही सहाजणी मिळून आलोय. चौघी जुन्या सुइणी, दोघी आशाताई. माइकवर एकीच बोलतेय, पण बोलणं सगळ्यांचं आहे.

आमच्या जुन्या चौघींनी किती बाळंतपणं केली त्याचा हिशेब नाही. लिहितावाचता येत नव्हतं, नोंद कुठून ठेवणार! पण एक बाळंतपण चौघींनाही विसरता येत नाही. बाईची तिसरी खेप. कळा चांगल्या आल्या, पोरगी झाली, रडली. आम्ही चहा ठेवायला सांगितला. आणि मग रक्त थांबेचना. ओटीपोट चोळलं, पाय वर केले, जे ठाऊक होतं ते सगळं केलं. ट्रॅक्टर येईपर्यंत दोन लुगडी भिजली. ती वाटेतच गेली.

दवाखान्यात बाळ जन्मल्यावर मिनिटभरात आईला इंजेक्शन देतात. त्याने पिशवी आवळते आणि रक्तस्राव आटोक्यात राहतो. ते आमच्याकडे नव्हतं. म्हणून आम्ही घरी बाळंतपण करायचं सोडलं, आणि तुम्हालाही घरी करा असं कधी सांगणार नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, बाया दवाखान्यात जाऊ लागल्या. बरं झालं. मात्र बाई आत गेली आणि तिचं माणूस दाराबाहेर राहिलं. आमच्या गटातल्या एकीची सून, पहिलटकरीण, रात्रभर आत एकटी होती. आई गं म्हणून ओरडली की आतून दरडावणी ऐकू यायची. आम्ही बाहेर बाकावर. सिस्टरला दोष देऊन काय करणार, ती एकटी तिघींना बघत होती. पण ती पोर पुढे कितीतरी दिवस झोपेत दचकायची.

मग आशाताईंनी शोधून काढलं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ सोबतीण ठेवायला केंद्राने २०१६ सालीच परवानगी दिलेली आहे. सोबतीण नात्यातली बाई असावी, शक्यतो स्वतः बाळंतपण झालेली. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी हवी. सिस्टरच्या कामात तिने हात घालायचा नाही. एवढंच. आयत्या वेळी दारात भांडू नका. आठव्या-नवव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हाच डॉक्टरांना विचारून ठेवा.

सोबतिणीने आत करायचं काय? सुईण जे करायची तेच, बाळ झेलणं सोडून. सगळं ठीक असेल तर बाईला चालू द्या, बसू द्या, कुशीवर वळू द्या. सारखं उताणं पडून राहायची गरज नसते. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घोटघोट पाणी, पेज द्या. कळ आली की कमरेच्या खाली माकडहाडाच्या वर तळहाताने दाबून धरा, कळ ओसरली की सोडा. लांब श्वास तिच्याबरोबर तुम्हीही घ्या.

आणि आमच्या चुका तुम्ही करू नका. आम्ही पहिल्या कळेपासून ‘जोर कर, जोर कर’ म्हणायचो. बाई दमून जायची आणि खरी वेळ आली की अंगात त्राण उरायचं नाही. वरून पोट दाबायचो, तेही चूक. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडल्यावर कळा खऱ्या जोमात येतात. तिथून पुढेही पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागू शकतात. बाळाचे ठोके नीट असतील तर थांबायचं. घरी कुणी कळा वाढवायची सुई देतो म्हणालं तर दारातूनच परत पाठवा. पिशवी फाटून बाई दगावते त्याने.

काही गोष्टींना मात्र मिनिटभरही थांबायचं नाही. कळांआधी रक्त जाणं, पाणी हिरवट येणं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी, झटके, बाळाचा हात किंवा नाळ आधी दिसणं. घरी असाल तर १०८ ला फोन लावा, आत असाल तर सिस्टरला हाक मारा, ती रागावली तरी. बाळ झाल्यावर पहिले दोन तास बाईच्या अंगाखालचं कापड बघत राहा. पेढे नंतर वाटा.

गेल्या पावसाळ्यात त्याच सुनेच्या जावेची वेळ आली. महिनाभर आधी विचारलं होतं, म्हणून आमच्या आक्काला आत घेतलं. आक्का तिची सख्खी आत्या. सहा तास आक्का तिची कंबर दाबत बसली. पहाटे मुलगा झाला, टाके चारच. शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ कुणीच नव्हतं, तिने आक्काचा पदर धरून ठेवला होता. सोबतिणीने दुसऱ्या बाळंतिणीकडे जायचं नाही असं नियमात आहे. आक्का गेली नाही, जागची हललीही नाही. पदर तेवढा सोडवून घेतला नाही तिने.